बालालायका अन् नाचणगावचा कूलर

हिंगणी,
दसऱ्याचा दुसरा दिवस

सौ. विहीणबाई विमलाबाई यांना हिंगणीच्या अनुसयाबाईचा रामराम पोचावा. तुमचे गुडघे कसे आहे? जिना चढू नका म्हणून मी मागच्या पोळ्यालेच सांगितलं होतं, पण तुम्ही माह्यं ऐकत असत्या तर मले हे पत्र लिहायची पाळी आली नसती. महादेवरावांची शुगर उतरली काय? चोरून पेढा खाते म्हणे. खाऊ द्या, पण मोजून. आमच्या इकडं सारे बरे आहे, एक मी सोडून. अन् मले काही झालं नाई, मले राग आलेला आहे. रागाची गोळी सेलूच्या दवाखान्यात भेटत नाई, म्हणून कागद घेऊन बसली.

फोन सोडून पत्र काऊन, असं तुम्ही म्हणसान. फोन केला का रक्षा तो स्पीकरवर लावते, अन् मंग माह्या पोटातलं तुमच्या स्वयंपाकघरात, ओसरीत अन् शेजाऱ्याच्या न्हाणीपर्यंत ऐकू जाते. (लेक माहीच आहे, पण वळण तुमच्या घरचं लागलं.) पत्र एकच माणूस वाचते अन् उशीखाली ठेवते. मी चवथी शिकलेली, तुम्ही सातवी. चुका दिसल्या तर काढजा, पण मनातल्या मनात काढजा. लिहायचं काम अपेक्षाले सांगितलं असतं, पण आपल्या दोघींची ही एकुलती एक नात कालपासून माह्याशी दोन शब्दाच्या वर बोलली नाई, अन् लिहायचं तिच्याचबद्दल आहे.

तर मुद्द्याचं. आज सकाळच्या गाडीनं आमच्या शेजारची शकुबाई तिच्या लेकीच्या घरून आली, म्हणजे तुमच्या नाचणगावातून. पायावर पाणी घ्यायच्या आधी तिनं सांगून टाकलं का तुम्ही साऱ्या गल्लीत म्हणून राह्यल्या, अपेक्षाचा रशियाचा बाजा इथून गेला तवा धडधाकट होता, हिंगणीत त्याची पाठ उकलली, अन् पुनवेचा सेलूचा कार्यक्रम बुडाला तो अनुसयाबाईच्या पायी. शकुबाई एकाचे दोन करून सांगते हे मले माहीत आहे, म्हणून त्यातलं अर्धं मी सोडून दिलं. उरलेल्या अर्ध्याचंच उत्तर देऊन राह्यली.

आता पहिल्यापासून ऐका. पोरीले नागपूरले पाठवून रशियाची भाषा शिकवायचं डोकं कोणाचं? तुमच्या घरचं. मी म्हणत होती नर्सिंग करू द्या, गावात एक सुई टोचणारी आपली असली तर बरी. नाई. मंग ती शिक्षणाच्या वजिफ्यावर दहा महिने तिकडं जाऊन आली. तिकडून लोक कोट आणते, घड्याळ आणते, एखादा जावई आणते. हिनं तीन तारा आणल्या. घट बसले त्या दिवशी तुमच्याकडून इथं आली, एसटीतून उतरली तर पाठीवर तीन कोनाची काळी पिशवी. आमच्या स्टँडावर दहा माणसं रिकामीच बसून असते, त्यांनी पिशवी पाहून पैजा लावल्या. कोणी म्हणे सूप आहे, कोणी म्हणे डिशची छत्री, भैय्याजी पानवाला तर म्हणे हिच्यात इस्त्री असन, एवढी मोठी इस्त्री कोणाच्या कपड्याची ते त्यालेच ठाऊक. घरी येऊन उघडली तर आत तो बालालायका. शिंगाड्याले लांब दांडी लावून दिली तर कसा दिसन, तसा. मी म्हटलं, खायचा असन तर उकडून देते.

तीन तारा, अन् त्यातल्या दोन एकच सूर बोलते. मी विचारलं, मंग दुसरीचं काम काय? माहा गजेंद्र तिथंच बसून चहा पीत होता, तो म्हणे, आई, एक तू समज अन् एक नाचणगावची विहीण, दोघी एकच बोलता पण दोघींशिवाय घराले आवाज नाई. त्याले मी चहाचा दुसरा कप दिला नाई. मी तुमच्यासारखं काय बोलते ते तुम्हीच सांगा.

बरं, पोरीचं म्हणणं असं का हा बाजा राजा-महाराजाचा नाई. तिकडचे वावरात राबणारे लोक जे लाकूड हाती येईन त्याचा करत, अन् काम झाल्यावर वाजवत बसत. हे ऐकून मले जरा बरं वाटलं, उगाच कशाले खोटं बोलू. पण राबणाऱ्याचा बाजा अन् वाजवणारी अशी का विळा धरता येत नाई. सपना सुनेसोबत सोयाबीन काढायले एक दिवस गेली, दुपारीच हाताले फोड घेऊन आली, अन् म्हणे, आजी, माह्या बोटाले जपाव लागते, तारा त्याच्यानंच वाजते. मी म्हटलं, बाई, पोट कायच्यानं भरते? तर ती पिशवीकडं बोट दाखवून म्हणे, "आजी, तुमचा विळा-डवरा, तसा हा. हेच माह्यं आवजार आहे." एवढं लक्षात ठेवजा, विहीणबाई. हे तिनं सोत्ता म्हटलं, मी म्हटलं नाई.

आता तिचे गाणे. तुम्ही ऐकलेच असन, तुमच्या घरी तर ते रात्रंदिवस चालत असन. बाजा रशियाचा, बोली आपली, अन् गाण्यातलं माणूस कोण, तर मी. पाचव्या माळेले देवीच्या मांडवात तिले गायले बसवलं. मी पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, का आता नात देवीचं गाणं म्हणन. अन् हिनं सुरू केलं:

आजी माही उठली का गाव उठून बसते,
कोंबडा म्हणे, बाई, आता माह्यं काम काय असते?

सारा मांडव हासून राह्यला. देवीच्या मागं पडदा ओढणारा सुद्धा. चाळीस वर्षं मी या गावाले फुकटात शिव्या देऊन राह्यली, कोणी टाळी वाजवली नाई, अन् त्याच शिव्या पोरीनं तारेवर टांगल्या तर लोक म्हणे वन्स मोर. अन् खोटं किती! आमच्या घरी कोंबडा नाईच. तीन वर्षं झाले, मुंगसानं नेला. मले खोटं सहन होत नाई (हे तुम्हाले माहीत आहे), म्हणून मी तिथंच उभी राह्यली अन् साऱ्यांसमोर सांगितलं का कोंबडा नाई, मुंगसानं नेला, अन् नेला तवा गावातलं एक माणूस काठी घेऊन धावलं नाई, आता हासायले सारे आले. तर ही पोट्टी थांबावं ते नाई, माह्या बोलण्याच्या खाली त्या तीन तारा टिरीटिरी वाजवत राह्यली. मी जोरात बोलली तर जोरात वाजवे, मी दम घ्यायले थांबली तर तीही थांबे. लोकाले वाटलं हे बसवलेलंच आहे. माह्या रागाची नाटकमंडळी करून टाकली. कोणीतरी ते मोबाईलमध्ये घेतलं, अन् दोन दिवसात सेलूवरून तीन माणसं मोटारसायकलीनं आले, का पुनवेले आमच्या मंगल कार्यालयात हिचा कार्यक्रम ठेवतो, संध्याकाळी, दूध वाटायच्या आधी. त्यातला एक मले पाया पडून म्हणे, आजी, तुम्ही बी येजा, मुंगसाचं सांगजा. मी त्याले सांगितलं, मुंगूस बोलाव, मी येत नाई.

पण पोरीचं तोंड पाह्यलं मी त्या दिवशी. खोटं कायले बोलू, असा उजेड मी तिच्या तोंडावर दहावीच्या निकालाले नाई पाह्यला. रात्री जेवताना तिनं सांगितलं का पुण्याच्या एका कंपनीची नोकरी चालून आली आहे, दिवसभर खुर्चीवर बसून रशियाच्या कागदाचं इंग्रजी करायची. त्यांनी पुनवेपर्यंत हो का नाई विचारलं आहे. सेलूचं जमलं तर ती नागपुरातच राहीन, चार पोरांले भाषा शिकवन अन् गाणे करन. नाई जमलं तर पुण्याले जाईन अन् बाजा भिंतीले टांगून देईन. हे तुम्हाले तिनं सांगितलं होतं काय? नसन सांगितलं. मले पहिले सांगितलं. एवढं फक्त कळवून ठेवते.

मंग आला दसरा. काल सकाळी पोरीनं पिशवीतून बाजा काढला तर पाठीमागच्या फळ्या उकललेल्या, जशी वाळलेली तुरीची शेंग उकलते. तार पिळली का करकर आवाज. पोरगी रडली नाई. रडली असती तर मी रागावली असती अन् सारं ठीक झालं असतं. तिनं तो उलटा-सुलटा केला, पाठीवरून एकदा हात फिरवला, माह्याकडं एकदा पाह्यलं अन् म्हणे, "जाऊ द्या आजी. सेलूवाल्याले फोन करून सांगून देते." बस. सोनं वाटायलेही बाहेर नाई आली. आपट्याचे पानं तिच्या ताटाजवळ तसेच पडून आहे.

आता ज्याच्या त्याच्या माथी ज्याचं त्याचं. हा बाजा हिंगणीत किती दिवस होता? दहा. नाचणगावात किती होता? मार्चपासून. अन् नाचणगावात कुठं होता? तुमच्या पुढच्या खोलीत, खुंटीवर, कूलरच्या तोंडासमोर. हे मी डोळ्यानं पाह्यलं आहे, जेठ महिन्यात रक्षाले भेटायले आली होती तवा; पिशवीतच होता, म्हणून आत काय ते तवा कळलं नाई. तुमचा तो कूलर थंड हवा देते कमी अन् पाणी फेकते जास्त. महादेवरावांच्या धोतराचा सोगा त्याच्यासमोर ओला होते, मंग लाकूड कसं कोरडं राहीन? तीन महिने त्यानं पाणी पेलं, फुगलं, अन् आता आश्विनाच्या उन्हात आटलं. वखराचं जू पाण्यात राह्यलं का असंच उकलते, हे शेतकऱ्याच्या घरच्या लेकराले कळते. (तुमचं घर दुकानाचं, म्हणून सांगून राह्यली.) लाकडाले पाण्याची खोड लागली का लागली. म्हणून बाजा फाटला तो हिंगणीत, पण मेला तो नाचणगावात.

अन् आणखी एक. रक्षानं फोनवर विचारलं म्हणे का बाजाच्या पाठीवर काही पिवळं-पिवळं दिसून राह्यलं ते काय आहे. पोरीनं फोटो पाठवला असन. तर तो तुमच्या भिंतीचा रंग असन. मागच्या दिवाळीले तुम्ही पुढच्या खोलीले पिवळा रंग मारला, तवाच मी म्हटलं होतं का हा रंग हाताले लागते. आमच्या घरी हळदीचा डबा शिंक्यावर वर ठेवलेला असते, सहज कोणाचा हात पोचत नाई. अन् पाण्याचं म्हणसान तर आमच्या नळाले एक घंटा पाणी येते, त्यात भांडे होते, जनावरं होते, उरलं तर माणसं होते. बाजे धुवायले आमच्याकडं पाणी नाई. मले कोणी विचारलं नाई, मीच आपलं सांगून ठेवते.

तवा गल्लीत माह्यं नाव घ्यायचं बंद करजा. घ्यायचंच असन तर कूलरचं घ्या. माह्या वयाचा नाई तर निदान नात्याचा मान ठेवजा. महादेवरावांना नमस्कार, रक्षाले आशीर्वाद, तिले म्हणा स्पीकर बंद ठेव.

तुमची विहीण,
अनुसया

ता. क. हे पत्र गजेंद्र घेऊन येऊन राह्यला. त्याच्याजवळ गोधडीत बांधलेला बाजा आहे. अपेक्षा झोपलेली असताना मी काढून दिला. दचकू नका. तुमच्या गावात रूपराव सुतार आहे ना, भजनी मंडळाच्या वीणेचा भोपळा फुटला तवा ज्यानं जोडला होता, त्याच्याकडं घेऊन जाजा. माणूस तिरसट आहे म्हणे, पण तुमच्यापुढं तोंड उघडत नाई असं ऐकलं. तुमच्या तोंडाचा मले कधी उपयोग होईन असं वाटलं नव्हतं. पुनवेले चार दिवस आहे. त्याले म्हणा बाकी काम बाजूले ठेव. कोणाच्या दिवाणाचा पाय चार दिवस मोडका राह्यला तर जग बुडत नाई.

ता. क. दुसरा. रूपराव विचारन का फळ्या कशानं सुटल्या. त्याले खरं सांगाव लागन, नाईतर तो चिकटवायले भलताच सरस लावन. म्हणून फक्त त्याच्या कामापुरतं सांगते, अन् तुम्ही वाचताना एवढा कागद डोळ्याआड करजा. नवमीले आम्ही सारे आवजारं धुऊन पुजतो. विळे, डवरा, तिफन, फवाऱ्याचा पंप, सपनाची शिलाई मशीन. गजेंद्र पूजा करून वावरात गेला. पोरगी सपनासोबत धरणाकडं फिरायले गेली होती. मी दिवा विझवायले आली तर डोक्यात आलं का घरातलं एक आवजार राह्यलं. साऱ्यांचे धुतले, साऱ्यांले हळद लागली, अन् जिचं पोट त्याच्यावर भरायचं आहे तिचंच पारुशं राह्यलं, हे बरं दिसते काय? मले तो बाजा आवडत नाई. पण आवडायचा प्रश्न नाई, विळा तरी कोणाले आवडते. नवमीच्या दिवशी आवजार पारुशं ठेवलं तर वर्षभर धार लागत नाई, अन् तिचं सहा दिवसांनं सेलूले काम होतं. म्हणून मी तो न्हाणीत नेला. राखडीनं घासला, नारळाच्या शेंडीनं, दोन गंज भरून पाणी टाकलं. चांगला निघाला, दांडीवरचा मळ सारा गेला. मंग गच्चीवर सोयाबीनजवळ उन्हात ठेवला, अन् हळदीचे पाच बोटं लावले. मागून लावले, कोणाले दिसू नाई म्हणून. एक झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला (तो मी एकटीनंच खाल्ला, पुरावा नको म्हणून, अन् तवापासून पोट धड नाई). ते यायच्या आधी पुसून पिशवीत घातला. थोडा ओलसर होता. हे पोरीले माहीत नाई. सांगायचं नाई. तिनं विचारलं तर कूलर म्हणा.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधीच अपेक्षा उठली अन् गोधडी उघडून पाह्यली. मी उभीच राह्यली. तिनं बाजाची पाठ वर करून मले दाखवली. पाच बोटं जशीच्या तशी, अन् त्यातलं दुसरं वाकडं, जे माह्यं लग्नाच्या आधी विळ्यानं कापलं होतं. साऱ्या हिंगणीत असं बोट एकच आहे. म्हणे, आजी, काल सकाळपासून माहीत आहे, तुम्ही कधी सांगता ते पाहून राह्यली होती. दीड दिवस गप्प बसली पोट्टी. हे तुमच्या घरचं आहे, आमच्याकडं असं थंड रक्त कोणाचं नाई. मी म्हटलं, आवजार तूच म्हटलं होतं. तवा ती हासली, अन् आपट्याचं पान घेऊन माह्या पाया पडली. सेलूवाल्याले फोन केला काय विचारलं, तर म्हणे, केलाच नव्हता.

तवा रूपरावले नीट सांगजा: फळ्या जोड, खिळा मारू नको, अन् तासताना पाठीवरचे हळदीचे बोटं पुसू नको. पोरीचा निरोप आहे. मी म्हटलं, काऊन, डाग आहे, घासून टाक. तर तिनं त्या बोटांवर हळूच गोधडी गुंडाळली. तुम्हीच विचारून पाहा, तुमच्या घरची आहे.

पुनवेले तुम्ही सेलूले येजा. जिना नाई तिथं, मी विचारून घेतलं आहे. माह्या बाजूची खुर्ची धरून ठेवते. मुंगसाचं मले सांगाव लागणार आहे, अन् मी दम घ्यायले थांबली तर मधात कोणीतरी बोलणारं पाह्यजे.

कूलरचं मात्र मी जे लिहिलं ते मागं घेत नाई.